धावपळ पुष्कळ, हालचाल थोडी

डोंबिवली-कल्याणच्या पन्नाशीतल्या नोकरदाराला डॉक्टरांनी ‘तुमची जीवनशैली बैठी आहे’ असं सांगितलं, की ते त्याच्या जिव्हारी लागतं. बैठी? पहाटे साडेपाचला उठायचं, रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, पुलाच्या पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, गाडी पुरती थांबायच्या आत दारात घुसायचं आणि मग सीएसएमटीपर्यंत ४८ किलोमीटर, बहुतेक दिवस उभ्यानंच. संध्याकाळी हाच खेळ उलट दिशेनं. रात्री घरात पाऊल टाकतो तेव्हा अंगात त्राण उरलेलं नसतं. दुपारचा डबा घरचा, व्यसन कसलं नाही, आणि तरी दर दोन-तीन वर्षांनी पट्ट्याचं एक भोक पुढे सरकतं. तीन जणांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हणत चौथी सीट मागणाऱ्याला हल्ली कमी जागा मिळते, हे रोजच्या प्रवाशांना वेगळं सांगायला नको.

त्या माणसाचा राग खोटा नाही आणि डॉक्टरही चुकलेले नाहीत. दोघांचं म्हणणं एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे समजलं की ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या वाढत्या पोटांचं कोडं बरंचसं सुटतं.

हे कोडं फक्त आपल्याकडचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.६ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हा आकडा २४ वर गेला. पुरुषांचा १८.९ वरून २२.९ झाला. शहरी स्त्रिया वेगळ्या काढल्या तर त्यांचं प्रमाण ३३.२ टक्के भरतं, म्हणजे दर तिघींत एक. ग्रामीण भागात ते १९.७ आहे.

लोकलचा हिशेब

आधी आकडेमोड करू. ७० किलोचा माणूस नुसता पडून राहिला तरी त्याचं शरीर तासाला साधारण ७० कॅलरी वापरतं. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं काम थांबत नाही, त्याचा हा खर्च. (बिस्किटाच्या पुड्यावर ‘किलोकॅलरी’ म्हणून छापलेली असते तीच ही कॅलरी.) आता उभं राहण्याचा जादा खर्च किती? अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये काढलेलं उत्तर असं आहे: बसण्यापेक्षा मिनिटाला ०.१५ कॅलरी जास्त. डोंबिवलीहून जलद गाडीनं तासाभराहून थोडा अधिक वेळ उभं राहून गेलात, तर जादा खर्च झाल्या नऊ-दहा कॅलरी. पुलाच्या पन्नास पायऱ्या चढल्या, सात-आठ. फलाटावरची दोन मिनिटांची धावाधाव, वीसेक. जाता-येता सगळं मिळून ७०-८० कॅलरींच्या वर जात नाही. एका वडापावात साधारण ३०० असतात.

मग एवढा थकवा कशाचा? उकाडा, घाम, आवाज, धक्का लागेल म्हणून ताठलेले खांदे, पाकीट आणि पिशवी सांभाळणारा मेंदू, अपुरी झोप. हे सगळं माणसाला पिळून काढतं. पण स्नायू ताठ राहिले म्हणजे हलले असं होत नाही, आणि शरीराचं इंधन मोठ्या प्रमाणात जळतं ते मोठे स्नायू आकुंचन-प्रसरण करत राहिले की. दमणूक खरी, इंधनाचा खर्च नगण्य. माझ्या मते या उपनगरांची आरोग्याच्या बाबतीतली सगळ्यात मोठी फसवणूक हीच आहे. माणूस दिवसभर काहीतरी करत असल्यासारखा दमतो आणि ‘मी पुरेशी हालचाल केली’ असं त्याला मनापासून वाटतं. घरी असलेल्या बाईचंही असंच. ओट्याशी चार-पाच तास उभं राहून पाय भरून येतात, पण त्या उभं राहण्यानं फार काही जळत नाही.

आता दुसरा आकडा पाहा. घरापासून स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं आणि परतताना पंधरा मिनिटं झपझप चालणं. याचा जादा खर्च ८०-९० कॅलरी, म्हणजे बाकीच्या सगळ्या धावपळीपेक्षाही जास्त! फडके रोड, रामनगर, टिळकनगर या जुन्या डोंबिवलीत स्टेशनला चालत जाणं हा नियमच होता, कारण वस्तीच स्टेशनभोवती वाढली होती. ठाण्यात नौपाड्याचं तेच. पुढे शहरं स्टेशनपासून लांब लांब सरकत गेली. घोडबंदर रोडवरून किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांतून स्टेशनला चालत जाणं कोणालाच शक्य नाही. मधल्या अंतरावर राहणाऱ्यांसाठी शेअर रिक्षा आली. आणि ज्यांना अजूनही चालता येईल, त्यांच्या पदपथावर दुचाकी, पेव्हर ब्लॉकचे ढीग आणि भाजीच्या टोपल्या असतात.

रोजच्या या ८०-९० कॅलरी वाचल्या तर बिघडतं काय? तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक ठोकताळा मांडला. खाणं आणि खर्च यांच्यात रोज १०० कॅलरींची तफावत कायमची पडली, तर वजन सुमारे चार किलोंनी वाढून थांबतं. यातली निम्मी वाढ पहिल्या वर्षात होते आणि जवळजवळ सगळी तीन वर्षांत. थांबण्याचं कारण सोपं आहे: जड शरीराला चालवायला जास्त इंधन लागतं, त्यामुळे तफावत आपोआप भरून निघते. पण तेवढ्यात दुचाकी येते, मग लिफ्टची इमारत, मग दहा मिनिटांत किराणा दारात. प्रत्येक सोय आली की नवी तफावत पडते आणि वजन पुढच्या पायरीवर जाऊन बसतं. पट्ट्याची भोकं दोन-तीन वर्षांच्या अंतरानं सरकतात ती अशी.

बसून राहण्याच्या परिणामांचा एक जुना पुरावा लंडनच्या बसमधला आहे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ मध्ये दाखवलं की दुमजली बसच्या ड्रायव्हरांना हृदयविकार कंडक्टरांपेक्षा जास्त होतो. बस एकच, रस्ता एकच. फरक एवढाच की एक दिवसभर बसून असतो आणि दुसरा रोज पाचशेहून जास्त पायऱ्या चढतो. १९५६ मध्ये मॉरिस यांनी गणवेश शिवण्यासाठी घेतलेली मापंच मिळवली. ड्रायव्हरांच्या पॅंटचा घेर जास्त निघाला. पण तो अगदी तरुण ड्रायव्हरांमध्येही जास्त होता. म्हणजे मुळात अंगानं भरलेली माणसंच ड्रायव्हरकीकडे वळत असतील का, ही शंका त्यातून निघाली. पुढच्या दशकांत असंख्य अभ्यासांनी बैठं काम आणि हृदयविकार यांचा संबंध पक्का केला, तरी असा हातचा राखून ठेवलेला संशय मला आवडतो.

भूक हिशेब का ठेवत नाही?

इथे हुशार वाचक विचारेल: खर्च कमी झाला तर भूकही कमी लागायला हवी ना?

हा प्रश्न आपल्याच देशात तपासला गेला आहे. पश्चिम बंगालमधल्या चेंगाइल इथल्या ताग गिरणीत ज्याँ मेयर आणि सहकाऱ्यांनी २१३ पुरुषांचं खाणं, काम आणि वजन नोंदवलं. निबंध १९५६ मध्ये छापून आला. गाठी वाहणारे हमाल भरपूर खात आणि सडपातळ राहत. हलकं काम करणारे कमी खात आणि तेही सडपातळ राहत. इथपर्यंत भूक चोख हिशेब ठेवत होती. पण कारकून आणि दुकानात बसून असणारे यांच्यापाशी आल्यावर चक्र उलटं फिरलं. त्यांचं खाणं कमी न होता वाढलेलं होतं आणि वजनंही सगळ्यांत जास्त होती. हालचाल एका मर्यादेखाली गेली, की भूक खर्चाकडे बघणंच सोडून देते.

त्यात झोपेची भर पडते. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला भूक कळवतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन सुटतं, ते ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. (लेप्टिनचा शोध १९९४ चा, म्हणजे तसा ताजाच.) २००४ मध्ये शिकागोतल्या संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि मुलांना गोड, खारट, पिठूळ पदार्थ हवेसे वाटू लागले. रात्री बाराला अंथरुणावर पडून साडेपाचचा गजर लावणारा प्रवासी याच्या जवळपासच्या स्थितीत वर्षानुवर्षं असतो.

आणि मग संध्याकाळचे सहा वाजतात. एकला डबा खाल्लेला, रात्रीचं जेवण साडेनऊ-दहाला. मधला आठ-नऊ तासांचा खड्डा प्रवासानं पाडलेला आहे; माणसाच्या हावरेपणाशी त्याचा फारसा संबंध नाही. तो खड्डा भरतो स्टेशनच्या बाहेर. ठाण्यात कुंजविहार, कल्याणात खिडकी वडा, आणि दोन्हीकडे चहासोबत खारी, टोस्ट, फरसाण. वड्याला शिव्या घालण्यात मला रस नाही. भुकेल्या माणसानं आणखी काय करायचं? अडचण अशी, की त्या वड्यापायी रात्रीची पोळी आणि भात कमी होत नाही. खाण्याची एक पंगत वाढते एवढंच. वर ‘थोडंच उरलंय, संपवून टाक’ आहेच. हे वाक्य बहुतेक घरांत बाईच स्वतःशी म्हणते.

पाकीटबंद खाण्याचा मुद्दा जरा वेगळा आहे. हॉल यांनीच २०१९ मध्ये २० जणांना संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, मेद, तंतू सारखेच होते आणि ‘हवं तितकं खा’ अशी मुभा होती. कारखान्यातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन ०.९ किलोनं वाढलं. मऊ अन्न पटापट खाल्लं जातं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायच्या आत पुडा रिकामा होतो, हे त्याचं एक संभाव्य कारण. या कसोटीवर डोंबिवलीच्या गल्लोगल्लीची पोळी-भाजी केंद्रं ही वरदानच म्हणायला हवीत. बाहेरचं असूनही ते चावून खायचं अन्न आहे.

घरच्या ताटात सगळं आलबेल आहे असंही नाही. भारतीयांच्या आहारातली ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थ आणि साखरेतून येते, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत दिसलं. पोळी, भात, बटाटा, पोहे, साबुदाणा. उपवासाच्या दिवशी आपण खिचडीच्या रूपात पिष्ट, दाणे आणि तूप खातो आणि त्याला लंघन म्हणतो! तेलाचा दरडोई वापर नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार वर्षाला १९.७ किलो, म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्याला साधारण याच्या निम्मं पुरतं.

वयाला दोष देऊ नका

‘चाळिशी उलटली, आता मेटाबॉलिझम मंदावलं’ हे वाक्य फर्स्ट क्लासमध्ये आणि सेकंड क्लासमध्ये सारखंच ऐकू येतं. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर यांच्या गटानं आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत ६,४०० हून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा आढावा घेतला. शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर २० ते ६० या वयांत हा खर्च जवळपास सपाट निघाला. चाळिशीत बदलते ती नोकरीतली खुर्ची.

पुण्याचे डॉक्टर, लंडनचे डॉक्टर

इथवरची गोष्ट जगातल्या कुठल्याही उपनगराला लागू पडेल. पुढची मात्र खास आपली आहे आणि ती उलगडली पुण्यात.

वजन उंचीच्या मानानं किती, हे मोजायला बॉडी मास इंडेक्स वापरतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन पुरुषांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघंही ‘उत्तम’ ठरले असते. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्यात २१.२. लेखकांनी मिश्कीलपणे एक नोंदही करून ठेवली: युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठणं.

पण सगळा फरक धावण्याचा नव्हता. याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं वजनानं कमी, हातापायांनी बारीक, स्नायूंनी कमी. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र इतक्या प्रमाणात कमी नव्हती. म्हणजे ‘बारीक पण चरबीदार’ ही ठेवण जन्मतःच होती. आईच्या पोटातल्या पोषणाचा यात वाटा दिसतो. याच अभ्यासात, गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्शुलिनला कमी दाद देण्याची प्रवृत्ती जास्त आढळली. शाकाहारी घरांत बी-१२ तपासून घ्या असं डॉक्टर का म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

स्नायू कमी असण्याचा तोटा मोठा आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्याचं मुख्य काम स्नायूंचं. उचलणारेच कमी असले तर साखर रक्तात रेंगाळते आणि तिच्यापासून चरबी बनू लागते.

माळा भरला की सामान पॅसेजमध्ये

कातडीखालची चरबी म्हणजे वन-बीएचके फ्लॅटचा माळा समजा. जादा सामान ठेवायची ती रीतसर जागा. सामान माळ्यावर असेल तोवर घरात वावरायला अडचण होत नाही. युरोपीय माणसाचा माळा सहसा ऐसपैस असतो, त्यामुळे तो वीस-पंचवीस किलो वाढवूनही कधी कधी निभावून नेतो. आपल्यापैकी अनेकांचा माळा लहान. पाच-सात किलोंतच तो भरतो आणि पुढचं सामान पॅसेजमध्ये, पलंगाखाली, शेवटी गॅसच्या ओट्यावर येतं. शरीरात या जागा म्हणजे आतड्यांभोवतीची पोकळी, यकृत, स्वादुपिंड, स्नायूंच्या आतले धागे, हृदयाचं वेष्टन. दंड आणि पाय बारीक, चेहरा सडपातळ आणि समोर घट्ट गोल पोट, ही आपल्याकडची ओळखीची आकृती म्हणजे माळा भरून गेल्याची खूण.

यकृतात चरबी साठली की पहिला गोंधळ तिथे होतो. रात्री आपण उपाशी असताना यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडतं आणि इन्शुलिन त्याला आवर घालतं. चरबीनं भरलेलं यकृत इन्शुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर सोडत राहतं. म्हणून रात्री काही न खाताही सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त येते. स्वादुपिंड आवाज चढवावा तसं जास्त इन्शुलिन बनवतं, काही वर्षं हे खपून जातं, मग त्याच्या पेशी दमतात. यकृत स्वतःवरचा भार हलका करायला चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात ढकलतं. चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, रक्तवाहिन्या कडक होतात, रक्तदाब वाढतो. एकाच माणसाला साखर, दाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या एकदमच का सुरू होतात, याचं उत्तर बऱ्याचदा या एका जागी सापडतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असं लिहून येतं आणि ‘हल्ली सगळ्यांनाच असतं’ म्हणून फाइल कपाटात जाते. सगळ्यांना असतं हे बरंचसं खरं आहे. दिलासा मिळावा असं त्यात काही नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीत इंडेक्सनुसार लठ्ठ २८.६ टक्के आणि पोटाच्या घेरानुसार लठ्ठ ३९.५ टक्के निघाले. वजनकाट्यावर पास होऊन टेपमध्ये नापास होणारे लोक या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत राहतात.

झोपेवरचा परिणाम प्रवाशांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. मानेभोवती आणि घशात चरबी साठली की झोपेत श्वासनलिका मिटते, घोरणं वाढतं, मधेच श्वास अडकतो, मेंदू दचकून जागा होतो आणि हे रात्रभर चालतं. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. सीट मिळाल्यावर दिवा स्टेशन यायच्या आत मान टाकणारा प्रत्येक जण नुसता दमलेला असतो असं नाही. वजनानं झोप बिघडते, बिघडलेल्या झोपेनं भूक वाढते, भुकेनं वजन. यातून बाहेर पडायला घोरण्यावरचा उपचार हे एक दार असू शकतं.

गुडघ्याचं गणित थोडक्यात: वजन एक किलोनं उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आणि कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये स्थूलतेशी जोडलेल्या कर्करोगांची यादी १३ वर नेली. त्यात गर्भाशयाचा, मोठ्या आतड्याचा आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनांचा कर्करोग आहे.

चौकट: टेप कुठे धरायचा?

पॅंटचा नंबर म्हणजे कंबरेचा घेर, असं पुरुषांनी समजू नये. पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो. सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, कपड्याखालून, श्वास सहज सोडून झाल्यावर टेप धरावा. पोट आत ओढू नये. भारतीयांसाठी मर्यादा: पुरुष ९० सेंटिमीटर, स्त्रिया ८०. आणखी सोपी खूण म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. इंडेक्स २३ च्या आत चांगला, २५ पासून लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यांमधले २५ आणि ३० आपल्याला लागू करू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी तर लठ्ठपणाची सुरुवात २३ वरच आणून त्याचे दोन टप्पे केले: २३ च्या पुढे इंडेक्स असून शरीराचं काम बिघडलेलं नाही तो पहिला; पोटाची चरबी वाढून रोजच्या हालचालींवर परिणाम झालेला किंवा जोडीचे आजार आलेले तो दुसरा.

किती उतरवायचं?

लग्नाच्या अल्बममधल्या वजनाकडे परत जायची गरज नसते. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (२००२) मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपुढे ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट होतं. सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत भारतीयांवर केलेल्या तशाच चाचणीत (२००६) घट २८.५ टक्के होती. कमी, पण तिथल्या लोकांचं वजन फारसं न उतरता मिळालेली. आपल्या घडणीच्या शरीराला नुसती हालचालही उपयोगी पडते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

वजन उतरू लागलं की पॅसेजमधलं सामान आधी निघतं. न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी २०११ मध्ये दाखवलं, की अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर मधुमेहींच्या यकृतातली चरबी पहिल्या आठवड्यातच सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर जागेवर आली. २०१७ च्या त्यांच्या मोठ्या चाचणीत ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यापैकी ८६ टक्के लोक वर्षअखेर मधुमेहाच्या गोळ्यांशिवाय होते. असले कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचे नसतात, विशेषतः साखरेची औषधं चालू असतील तर.

२०१८ च्या सुमारास ‘दीक्षित की दिवेकर’ या आहारपद्धतींच्या वादानं लोकलचे डबे दुमदुमले होते. दिवसातून दोनदाच जेवा असं दीक्षित सांगणार, थोडं थोडं पण घरचं खा असं दिवेकर सांगणार. दोन्ही बाजूंना बारीक झालेली माणसं होती. मला वाटतं दोन्हीकडून एकच गोष्ट घडत होती: सहा वाजताचा पुडा सुटत होता. संध्याकाळच्या भुकेचा तो खड्डा टाळता येत नसेल तर ऑफिसातून निघताना उकडलेली अंडी, चणे, मोड आलेलं कडधान्य किंवा ताकाची बाटली सोबत असावी आणि रात्रीचा भात निम्मा व्हावा. रात्रीची शतपावली आजीच्या काळापेक्षा आता जास्त गरजेची आहे, कारण जेवणानंतर काही मिनिटं रमतगमत चाललं तरी स्नायू साखर उचलू लागतात. स्टेशनच्या अलीकडे रिक्षा सोडता येते. ठाण्यात तलावपाळीला चार फेऱ्या मारून मामलेदारची मिसळ खाणाऱ्यांना काय सांगावं ते मात्र सुचत नाही. चाललात हे चांगलंच झालं.

उतरलेलं वजन टिकवणं ही दुसरी लढाई. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी वापरत होतं. शरीर जुना साठा परत मिळवायला बघतं. परत जाड झालेल्या माणसाला निश्चयाचा कच्चा म्हणणाऱ्यांना ही जीवशास्त्रीय ओढ ठाऊक नसते.

इंजेक्शनं आली

ही ओढ थोपवणारी औषधं आता आपल्याकडे आहेत. मार्च २०२५ मध्ये तिर्झेपेटाइड (माउंजारो) आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) भारतात आलं. जेवल्यावर आतड्यांतून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ही औषधं त्याची नक्कल करतात. जठर सावकाश रिकामं होतं आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप लवकर मिळतो. मोठ्या चाचण्यांमध्ये सव्वा ते दीड वर्षात सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के आणि तिर्झेपेटाइडच्या वरच्या मात्रेनं २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आलं.

आपल्यासाठी यात एक जादा खाच आहे. वजन झपाट्यानं उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि पुण्याच्या अभ्यासानं दाखवलं तसं स्नायूंच्या बाबतीत आपण आधीच तुटीत आहोत. औषध थांबल्यावर परत येणारं वजन मुख्यतः चरबीचं असू शकतं. म्हणून इंजेक्शन सुरू करणाऱ्यानं डॉक्टरांना किंमत आणि मळमळ यांच्या आधी प्रथिनं किती खायची आणि वजनं उचलण्याचे व्यायाम कोणते करायचे हे विचारावं. उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूंचे किती, हे साधा वजनकाटा सांगत नाही. हाताची पकड किती घट्ट आहे आणि हात न टेकता खुर्चीतून तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं, या दोन चाचण्या कुठल्याही दवाखान्यात पाच मिनिटांत होतात. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी त्या करून आकडे फाइलवर लिहून घ्यावेत.